फाटलं असेल तर घेऊन या, समोर बसा



आज एका प्रदर्शनाबद्दल सांगणार आहे. प्रदर्शन म्हटलं की भिंतीवर टांगलेली चित्रं डोळ्यांपुढे येतात. इथे मात्र चित्र एकही नव्हतं. एक लांब टेबल, दोन खुर्च्या, आणि मागच्या भिंतीभर रंगीत दोऱ्यांची मोठी निमुळती रिळं. टेबलाशी एक माणूस सुई-दोरा घेऊन बसलेला. बघायला येणाऱ्यांनी येताना घरातलं काहीतरी फाटकं आणायचं. सदरा, मोजा, उशीचा अभ्रा, काहीही.

या कलाकाराचं नाव ली मिंगवेई. जन्म १९६४चा, तैवानमधला. पुढे अमेरिकेत गेले, तिथे कापडकामाचं रीतसर शिक्षण घेतलं. शिवणकामाचं हे प्रदर्शन त्यांनी २००९ साली न्यूयॉर्कमधल्या एका कलादालनात मांडलं. नंतर ते बऱ्याच देशांत फिरलं. २०१४ला टोकियोत होतं, २०१७ला इटलीतल्या व्हेनिसच्या मोठ्या कलामेळ्यातही होतं. मी ते फोटोंतून पाहिलं आणि त्याच्याबद्दल वाचलं, तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात होतं.

तुम्ही म्हणाल, यात कला कसली? आमच्या सासवांनी जन्मभर हेच केलं, त्यांना कुणी कलाकार म्हटलं नाही. खरं आहे. ती तक्रार मी खोडून काढणार नाही. बाईनं घरात ठिगळ लावलं तर ते काम, आणि पुरुषानं शहरातल्या दालनात लावलं तर ती कला, हे मलाही टोचतं. तरीही पुढचं ऐका, कारण या माणसानं त्यात एक गोष्ट अशी केली आहे जी आपण करत नाही.

आधी हे सुचलं कसं ते सांगते. २००१च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे ते दोन उंच मनोरे विमानं आदळून कोसळले, तुम्हाला आठवत असेल. लींचा जोडीदार तिथेच नोकरीला होता. तो वाचला, पण त्याच्या बरोबरीनं काम करणारी माणसं गेली. त्या दिवसांत ली घरातले फाटके, उसवलेले, पुढे कधीतरी शिवू म्हणून ठेवलेले कपडे काढून शिवत बसले. जीव थाऱ्यावर नसला की हात कशात तरी गुंतवावा लागतो. मयताच्या घरी चूल पेटत नाही तेव्हा गवारीच्या शेंगा मोडत बसलेली बाई मी पाहिली आहे, तुम्हीही पाहिली असेल.

आता त्या टेबलाशी काय चालतं ते बघा. कपडा दिला आणि निघून गेलं, असं नाही. ज्याचं फाटलंय त्यानं समोरच्या खुर्चीवर बसायचं. शिवणारा विचारतो, हे कशानं फाटलं, कुणाचं होतं, आणि बोलत बोलत शिवतो. कधी ली स्वतः असतात, कधी त्यांच्या जागी दुसरं कुणी. शिवणही कसं? रफू करणारा धागा असा मिळवतो की फाटलं होतं हे कळूच नये. इथे उलट. निळ्या सदऱ्याला चांगला शेंदरी दोरा! जखम भरली, पण खूण दिसली पाहिजे.

यावर माझं एक म्हणणं आहे. कपाटात दहा सदरे असणाऱ्याला शेंदरी ठिगळ मिरवता येतं. ज्या पोरीचा शाळेचा एकच झगा आहे तिला तसं ठिगळ लावून पाठवलं तर पोरं हसतील. ठिगळाची लाज गरिबीतून येते, आणि ती एका प्रदर्शनानं जात नाही.

शिवून झालं की दोरा तोडत नाहीत. कपडा टेबलावर घडी घालून ठेवतात आणि त्याचा दोरा भिंतीवरच्या रिळाला तसाच जोडलेला राहतो. दिवसागणिक कपडे वाढतात, दोरे वाढतात, मागावर ताणा लावावा तसे ते हवेत ताणलेले दिसतात. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांचे कपडे एका भिंतीला बांधलेले. शेवटच्या दिवशी ज्यानं त्यानं येऊन आपला कपडा न्यायचा.

आपल्याकडे याला जवळचं काही असेल तर ती गोधडी, कुठे तिला वाकळ म्हणतात. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, लेकराचं झबलं, सगळं एकावर एक, वरून धावदोरा. चार कोपऱ्यांना चौघी बसल्या की टाक्याबरोबर सासरमाहेरचं सगळं बोलून होतं. पण तिथे बसतो आपण बायकाच. आणि रोजची शिलाई? ती तर रात्री, भांडी आटोपल्यावर, सगळे झोपले की. सकाळी सदरा खुंटीवर तयार. घालणाऱ्याला कळतही नाही की बगलेत उसवला होता, मग कुणी शिवला हे कुठून कळणार! ली मिंगवेईंनी नेमकी ही जागा पकडली आहे. ज्याचा कपडा, त्यानं टाके पडेपर्यंत समोर बसायचं. नुसतं बसायचं, बोलायचं, बघायचं.

या माणसाची दुसरीही प्रदर्शनं आहेत. आजी गेल्यावर, तिला सांगायचं राहून गेलेलं त्यांनी पत्रांत लिहिलं, आणि त्यातून १९९८ साली लोकांसाठी पत्र लिहायच्या छोट्या खोल्या उभ्या केल्या. कुणाचे आभार राहिलेत, कुणाची माफी राहिली, बसा आणि लिहा. पाकिटावर पत्ता घालून बंद केलं की टपालात टाकायचं काम प्रदर्शनवाल्यांचं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी बोलू.

तूर्तास आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीचं बघा. हप्ते, सह्या झाल्या की अर्धा तास काढा. येताना प्रत्येकीनं एक फाटकं आणायचं, पण आपलं आपण शिवायचं नाही, शेजारणीला द्यायचं आणि तिच्यासमोर बसायचं. दोरा तिच्या पसंतीचा. आणि कपडा नवऱ्याचा किंवा लेकाचा असेल तर त्यालाही बरोबर घेऊन या. चहा देऊ त्याला. बसू दे समोर.