कोरड्या डोळ्यांची तक्रार

मैत्रिणींनो, घरी कानडी बोलणारी बाई सल्ला केंद्रात येते आणि मराठीत सांगते, 'नवऱ्याने मारलं, घराबाहेर काढलं.' आवाज सपाट, डोळे कोरडे. पोलीस ठाण्यात तेवढ्यावरून ती खोटी ठरते. आपल्यातलंही कुणी पुटपुटतं, 'हिला काहीच कसं वाटत नाही?'

२००३ साली कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तुर्की मातृभाषा असलेल्या, इंग्रजी नंतर शिकलेल्या माणसांना त्यांनी दोन्ही भाषांतले शब्द दिले आणि त्वचेत होणारे बदल यंत्राने मोजले. शिव्या होत्या, लहान मुलांना दटावतात ती वाक्यंही होती. तुर्कीतल्या दटावणीने अंग जास्त शहारलं. साहजिक आहे, 'लाज नाही वाटत?' हे आपण आईच्या डोळ्यांतून शिकतो, पुस्तकातून नव्हे.

पण म्हणून तिच्यावर कानडीची सक्ती नको. नकोसं बोलायला परकी भाषा कधी कधी बरी पडते, तेवढंच अंतर राहतं. आधी विचारा, कुठल्या भाषेत सांगणार? दुभाषी लागलीच तर सासरची नको. आणि लिहून घेताना तिला दिलेली शिवी कानडीतच लिहा, शेजारी मराठी अर्थ. नुसतं 'अश्लील शिवीगाळ केली' एवढंच लिहू नका.