घरातील ध्वनिमुद्रण आणि मायक्रोफोनची निवड

जयपूरच्या तटाआतील जुन्या घरांत दगडी फरशी असते, भिंतींना आराइश नावाचा घोटीव चुन्याचा गिलावा असतो. अशा खोलीत गायिलेला स्वर भिंतींवरून परतून येतो. आपले कान त्याकडे दुर्लक्ष करतात. मायक्रोफोन करीत नाही. साठविलेल्या पैशांत एकच मायक्रोफोन घ्यावयाचा असेल, तर विचार खोलीपासून सुरू करावा.

कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन सारंगीचे बारकावे उत्तम टिपतो; त्याला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. तो कूलरची घरघरही टिपतो, अशी तक्रार ऐकू येते. दोष त्याच्या संवेदनशीलतेचा नव्हे, अंतराचा आहे. गायक व मायक्रोफोन यांतील अंतर निम्मे केले, की मूळ स्वर ६ डेसिबलने वाढतो. खोलीचा घुमारा जवळपास तेवढाच राहतो.

जवळून वापरण्यासाठी डायनॅमिक जात मला अधिक सोयीची वाटते. १९६५ साली आलेला शुअर एसएम ५७ अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या भाषणमंचापासून ढोलांपर्यंत सर्वत्र चालला. मात्र त्याचा विद्युत्संकेत क्षीण असतो. प्रवर्धक चांगला हवा. शिवाय फार जवळ गेल्यास खर्ज फुगतो. तबल्याच्या डग्ग्याला तो शोभतो, पुरुषी आवाजाला नाही.

उरलेल्या पैशांत गायकाच्या पाठीमागे काही टांगावे. जयपुरी रजई प्रसिद्ध खरी, पण तिची कीर्ती हलकेपणाची. येथे जाड गोधडीच हवी, तीही भिंतीपासून चार बोटे दूर.