माळावरचा तुरेवाला

भिगवणला पक्षी पाहायला येणाऱ्यांची नजर उजनीच्या फुगवट्यावरच्या रोहित पक्ष्यांवर खिळलेली असते. पाण्याकडे पाठ करून कडबनवाडीच्या माळावर गेलं, तर टोकदार तुऱ्याचा, चिमणीहून किंचितच कमी लांबीचा तांबूस चंडोल भेटतो. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली प्रसिद्ध केली, तीत या चंडोलाची ‘देवा’ या जातिनामाने नोंद झाली. आज तो ‘गॅलेरिडा’ या तुरेवाल्या चंडोलांच्या प्रजातीत गणला जातो. भारतात त्याचे भाऊबंद दोन: सह्याद्री आणि पश्चिम किनाऱ्यावरचा मलबारी चंडोल, आणि थेट युरोपापर्यंत पसरलेला मोठा तुरेवाला. ‘देवा’ मात्र भारताबाहेर सापडत नाही.

तुरा आहे म्हणून एका प्रजातीत, हा हिशेब सोपा वाटतो, पण तो कच्चा आहे. साध्या चंडोलालाही लहानसा तुरा असतोच, आणि त्याची प्रजाती वेगळी. पेर आल्स्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली चंडोल कुळाच्या जनुकांवरून वंशावळ मांडली, तेव्हा केवळ रूपावरून एकत्र बांधलेल्या अनेक प्रजातींची मोळी सुटली. मलबारी चंडोलालाही काही अभ्यासक पूर्वी भूमध्य प्रदेशातल्या थेक्ला चंडोलाचीच उपजात मानत असत!

‘देवा’ आणि मलबारी या दोन वेगळ्या जाती मानण्यावर एक आक्षेप वजनदार आहे. चंडोलांचा रंग मातीप्रमाणे बदलतो. मग मावळातला गडद पक्षी आणि इंदापूरच्या मुरमाडावरचा फिकट तांबूस पक्षी एकच का नसावेत? पण मातीमुळे फार तर छटा बदलेल. मलबारीच्या छातीवर ठसठशीत काळपट रेघा असतात, ‘देवा’च्या छातीवर मोजक्या आणि बारीक, आकारानेही तो लहान. मग गाण्यावरून निकाल लावावा का? तिथे जपून, कारण हा पठ्ठ्या इतर पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो. म्हणून एका खुणेवर विसंबता येत नाही. रेघा, आकार, अधिवास आणि जनुकं अशी साक्ष जुळवावी लागते.

नावांच्या या काथ्याकुटाने माळाला काय फरक पडतो, असंही कुणी म्हणेल. ‘देवा’ आज दुर्मीळ नाही, हे खरं. पण त्याला मलबारीचीच फिकट आवृत्ती ठरवलं, तर सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदलेला माळ नांगरला किंवा त्यावर झाडं लावली, तरी पक्ष्यांच्या यादीतून काहीच वजा होणार नाही. स्वतंत्र जात मानली, तर उघड्या, खुरट्या गवताचे हे माळच तिचं घर ठरतात, आणि तिथे केलेल्या वृक्षारोपणाचाही जाब विचारता येतो.