अठराव्या वर्षानंतरचें घर

दिवाळी जवळ आली म्हणजे पिंपळे गुरवांतील भाड्याच्या खोल्यांना एकामागून एक कुलुपें लागूं लागतात. पवनेच्या कांठचें हें जुनें खेडें आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा दाट वस्तीचा भाग झालें आहे. भोसरी, पिंपरी आणि चाकण येथील कारखान्यांत पाळीपाळीनें कामाला जाणारे तरुण येथें एकेका खोलींत तिघे-चौघे मिळून राहतात. कोणी मराठवाड्यांतला, कोणी विदर्भांतला, कोणी खानदेशांतला. सणाला जो तो आपापल्या गांवीं जातो आणि खानावळीहि चार दिवस बंद होतात. अशा वेळीं ज्याला जावयाला गांवच नाहीं, असा एखादा तरुण मागें राहिला तर त्यानें कोठें जावें? ज्या बालगृहांत तो लहानाचा मोठा झाला, तेथें त्याची जागा आतां दुसऱ्या मुलाला मिळालेली असते.

अनाथ, निराधार, हरवलेलीं, किंवा आईबाप असूनहि ज्यांचा सांभाळ घरीं होऊं शकत नाहीं, अशीं मुलें बाल कल्याण समितीच्या आदेशानें बालगृहांत ठेवलीं जातात. अठरा वर्षें पुरीं झालीं कीं कायद्याच्या दृष्टीनें तीं सज्ञान होतात, आणि त्यांना संस्था सोडावी लागते. घरांत वाढलेल्या मुलाचीहि अठरा वर्षें एके दिवशीं पुरीं होतात. परंतु त्या दिवसापासून आई त्याला जेवावयास वाढण्याचें थांबत नाहीं, कीं वडील त्याची फी भरण्याचें थांबत नाहींत. पंचविशी उलटली तरी नोकरी लागेपर्यंत मुलगा घरींच राहतो, आणि त्यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नाहीं. ज्याच्या पाठीशीं सारें घर उभें आहे त्याला एवढी सवलत मिळते. ज्याच्या पाठीशीं कोणीच नाहीं त्यानें मात्र एका दिवसांत स्वावलंबी व्हावें, अशी अपेक्षा केली जाते.

बालगृहांतील दिनक्रम घंटेवर चालतो. घंटा झाली कीं उठावयाचें, घंटा झाली कीं जेवावयाचें. चाळीस-पन्नास मुलांचा संसार चालवावयाचा तर ही शिस्त अपरिहार्यच आहे. तिला दोष देतां येणार नाहीं. परंतु या शिस्तींत वाढलेल्या मुलानें दळण कधीं दळून आणलेलें नसतें, विजेचें बिल भरलेलें नसतें, महिन्याचा पगार तीस दिवस पुरवावा कसा याचा हिशेब केलेला नसतो. घरांतलीं मुलें या गोष्टी कोणी न शिकवितां, नुसत्या पाहून शिकतात. बालगृहांतील मुलाला तें पाहावयासच मिळत नाहीं.

समजा, असा एक तरुण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतील शिक्षण संपवून एखाद्या कारखान्यांत उमेदवारी करूं लागला आणि पिंपळे गुरवांत खोली शोधावयास निघाला. घरमालक विचारतो, मूळ गांव कोणतें? वडील काय करतात? आधारपत्रावर पत्ता तर एका संस्थेचा आहे. मग अनामत रक्कम, अकरा महिन्यांचा भाडेकरार, पोलिसांकडील नोंद आणि ओळख देणारा कोणी मोठा माणूस, यांची मागणी होते. घरमालक दुष्ट असतो असें नव्हे. अनोळखी भाडेकरूविषयीं त्याला वाटणारी धास्ती स्वाभाविकच आहे. परंतु त्या तरुणाला भाडें देण्याची ऐपत असूनहि, त्याच्यासाठीं शब्द टाकणारें माणूस नसल्यामुळें खोली मिळत नाहीं. मुलीची अडचण याहूनहि बिकट. तिची असहायता ओळखून आश्रय देऊं करणारे पुष्कळ भेटतात. त्यांतील कोणाचा हेतु कसा आहे, हें तिनें कोणाच्या सल्ल्यानें ठरवावें?

कायद्यानें या प्रश्नाकडे अगदींच डोळेझांक केली आहे असें नाहीं. २०१५ सालच्या बाल न्याय अधिनियमाच्या ४६ व्या कलमाप्रमाणें अठरा वर्षें पुरीं करून संस्था सोडणाऱ्या मुलाला समाजांत स्थिर होण्यासाठीं आर्थिक साहाय्य देतां येतें. २०१६ सालच्या आदर्श नियमांत तर या व्यवस्थेचा आराखडाच दिला आहे. एकवीस वर्षांपर्यंत, आणि विशेष परिस्थितींत आणखी दोन वर्षें, ही मदत मिळूं शकते. सहा ते आठ तरुणांनीं मिळून तात्पुरतें राहावयाचें सामूहिक घर, शिक्षणकाळांत विद्यावेतन, धंदेशिक्षण आणि नोकरीची खटपट, स्वतःचा धंदा काढूं इच्छिणाऱ्यास कर्ज, आणि नेहमीं संपर्कांत राहणारा एक समुपदेशक, अशा सोयी त्यांत सांगितल्या आहेत. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांत अशा तरुणामागें दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्रांत या सोयीला अनुरक्षण असें नांव आहे. मात्र ४६ व्या कलमाची भाषा मदत ‘देतां येईल’ अशी आहे, ‘द्यावीच लागेल’ अशी नाहीं. या दोन शब्दप्रयोगांमधील अंतर ज्याला रात्रीं अंग टाकावयास जागा नाहीं, त्यालाच नेमकें समजतें.

नियमांतील त्या सहा-आठ जणांच्या घराची कल्पना नीट पाहण्यासारखी आहे. तें बालगृह नव्हे. तेथें घंटा नसते. तें नुसतें वसतिगृहहि नव्हे. तेथें स्वयंपाकी ठेवला तर घराचा हेतूच फसला. भाजी कोणी आणावयाची, भांडीं कोणी घासावयाचीं, हें राहणाऱ्यांनींच ठरवावें. आरंभीं भाड्याचा भार संस्थेनें उचलावा; उमेदवारीचे पैसे मिळूं लागले कीं तरुणानें थोडा वांटा द्यावा, तो हळूहळू वाढवावा, आणि कांहीं रक्कम बँकेंत त्याच्याच नांवें सांठवीत जावी, म्हणजे घर सोडतांना पुढील खोलीची अनामत त्याच्या हातांत असेल. समुपदेशकानें पहारा करूं नये. परंतु ताप आला, पगार उसनवारींत गेला, किंवा मुकादमाशीं भांडण होऊन काम सुटलें, तर रात्रीं अपरात्रीं ज्याला बोलावतां येईल असा तो असावा. चुकण्याची मुभा हीच घराची खरी देणगी होय. घरच्या मुलाची पहिली नोकरी सुटली तर तो परत येऊन आईजवळ जेवतो आणि दुसरी शोधतो. या मुलाची पहिली नोकरी सुटली तर त्याची खोलीहि सुटते, आणि तो रेल्वेच्या फलाटावर येतो.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. पुण्यांत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सात घरें सात वार वांटून घेत आणि एका मुलाचें शिक्षण पार पडे. त्या सोयीला जातीच्या भिंती होत्या, हें मात्र विसरतां येत नाहीं. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह उघडलें, आणि पुढें निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं एकामागून एक वसतिगृहें तेथें उभीं राहिलीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेविलें, आणि श्रम करून शिकण्याचा धडा घालून दिला. तेथील मुलांच्या मुखीं घांस पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनीं आपले दागिनेहि मोडले. स्वावलंबन शिकविणाऱ्या या घरांनीं मुलांना आधीं आधार दिला आणि मग त्यांच्याकडून स्वावलंबनाची अपेक्षा केली.

इंग्लंडांतहि लोकांना हाच अनुभव आला. २००० सालच्या कायद्यानें संगोपनांतून बाहेर पडणाऱ्या पात्र तरुणांसाठीं व्यक्तिगत सल्लागार नेमण्याची जबाबदारी तेथील स्थानिक शासनावर टाकली. २०१४ सालीं, ज्या कुटुंबानें संगोपन केलें त्याच कुटुंबांत उभयतांच्या इच्छेनें एकवीस वर्षांपर्यंत राहण्याची सोय झाली, आणि २०१७ च्या कायद्यानें सल्लागाराची मदत पंचवीस वर्षांपर्यंत मागतां येऊं लागली. येथें ‘द्यावीच लागेल’ या भाषेचें महत्त्व दिसून येतें.

महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं अनाथांसाठीं शिक्षण आणि सरकारी नोकरी यांत एक टक्का जागा राखून ठेवल्या, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु स्पर्धा परीक्षेचा अभ्यास वर्ष दोन वर्षें चालतो. तेवढा काळ निजावयास जागा आणि दोन वेळचें जेवण ज्याला मिळालें, तोच त्या राखीव जागेपर्यंत पोंचतो. जो मध्येंच गळाला, त्याच्यासाठीं ती जागा असून नसल्यासारखी.

सारें सरकारवर सोंपवून मोकळें होणें सुशिक्षित कुटुंबांना शोभणारें नाहीं. पिंपळे गुरव, सांगवी, दापोडी या भागांत ज्यांचें एखादें घर भाड्यानें देण्यासाठीं मोकळें आहे, त्यांनीं तें एखाद्या नोंदलेल्या संस्थेच्या हमीवर अशा सहा तरुणांना द्यावें. ज्यांच्याजवळ घर नाहीं, त्यांनीं ओळख द्यावी. लहान कारखानदारांनीं उमेदवार घेतांना वडिलांच्या नांवाची चौकशी न करितां हाताचें काम पाहावें. गृहिणींनीं एखाद्या मुलाला वा मुलीला महिन्यांतून एक रविवार जेवावयास बोलवावें. दयेनें नव्हे, तर नात्यांतल्या मुलाला बोलवावें तसें. मात्र एकदां बोलावून पुन्हां विसरून जाऊं नये. अशा मुलांच्या आयुष्यांत येऊन निघून गेलेलीं माणसें आधींच पुष्कळ असतात. थोडें द्यावें, परंतु तें चालूं ठेवावें.

अठराव्या वर्षीं मुलाच्या हातीं दाखला देऊन दार लावून घेतलें म्हणजे कायद्याचें काम संपतें; समाजाचें काम त्या दिवशीं सुरू होतें. पुढल्या दिवाळींत पिंपळे गुरवांतील खोल्यांना पुन्हां कुलुपें लागतील. त्या वेळीं मागें राहिलेल्या एखाद्या तरुणाला, ‘पहाटे अभ्यंगाला ये, उशीर करूं नको’, असें सांगणारें एक तरी घर जवळ असावें. तेवढें झालें, तर तो खऱ्या अर्थानें स्वतःच्या पायांवर उभा राहील. कारण उभें राहावयाला त्याच्या पायांखालीं भूमि असेल.