फेलोशिपच्या अर्जात आपला मोहल्ला



आज फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपबद्दल बोलू. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठीची ही शिष्यवृत्ती. तिच्या विषयांत पर्यावरणही आहे. पदवीला किमान ५५ टक्के आणि विषयाशी जुळणारा तीन वर्षांचा पूर्णवेळ पगारी अनुभव, या अटी प्रमाणपत्रांनी सिद्ध होतात. नेतृत्व आणि समाजकार्य मात्र निबंधातून दिसावं लागतं. खरी कसोटी तिथेच.

ओळखीच्या मुलामुलींचे निबंध मी वाचून देतो. एक निबंध सुरू झाला वितळणाऱ्या हिमनद्यांपासून. लिहिणारी गोवंडीची! देवनारचा कचराडेपो १९२७ पासून तिथे आहे. २०१६ च्या जानेवारीत तो पेटला, तेव्हा धूर तिच्या घरात शिरला होता. निबंधात त्यातलं काहीच नाही. विचारलं तर म्हणाली, "मामूंचं भंगारचं गोदाम आहे, हे कसं लिहू?"

अगं, तेच लिही. कोणतं प्लास्टिक विकलं जातं, कोणतं कुणीच घेत नाही, हे मामूंना तोंडपाठ आहे. हे ज्ञान पुस्तकात सहज सापडत नाही.

पण नुसता धूर सोसला म्हणून कुणी नेता होत नाही. तुम्ही काय केलं, सोबत कोण आलं, काय बदललं? समजा, मशिदीतलं वुजूचं पाणी झाडांना वळवायचं आहे. आठवडाभर नळाखाली बादली लावून मोजा. ट्रस्टींना पटवा, ते किती अवघड असतं हे तुम्हाला सांगायला नको. जुम्म्याला इमामसाहेबांना दोन शब्द बोलायची विनंती करा. तुम्ही नोकरीसाठी गाव सोडल्यावरही पाणी वळत राहिलं, तर त्याला नेतृत्व म्हणता येईल. बंद पडलं, तर का पडलं तेही लिहा. आणि माझ्या इंजिनिअर भावा-बहिणींनो, ॲप बनवलं एवढ्याने भागत नाही. ते वापरतं कोण?

शिफारसपत्र आमदारांचं कशाला? ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलं, त्यांचंच घ्या.

आणखी एक. शिकून भारतात परतायचं असतं. म्हणून "विद्यापीठ नामांकित आहे" हे कारण लंगडं पडतं. आपल्या कचऱ्याच्या, पाण्याच्या प्रश्नासाठी तिथला नेमका कोणता अभ्यास हवा, तो नाव घेऊन लिहा.

पहिला मसुदा मराठीत किंवा उर्दूत लिहिला तरी चालेल. पुढच्या रविवारी घेऊन या, सोबत बसून वाचू.