सोबतीला कोण आहे?



आमच्या लहानपणी 'सोबतीला जाणे' हे एक रीतसर काम होते. शेजारच्या काकूंचे यजमान फिरतीवर गेले, की रात्रीची जेवणे आटोपून, उशी काखोटीला मारून आम्हा मुलींपैकी एकीने त्यांच्याकडे झोपायला जायचे. तिथे करायचे काहीच नसे. काकू बोलत राहायच्या, आपण 'हूं, हूं' करत झोपून जायचे. सकाळी चहा-बिस्कीट मिळे. पैशांचा प्रश्नच नव्हता. चाळीत सोबतही वाटीभर साखरेसारखी होती. आज आपण दिली, उद्या आपण मागितली.

हीच सोबत पुढे मला महिन्याच्या पगारावर ठेवावी लागेल, असे कोणी सांगितले असते, तर मी हसले असते.

आई मुलुंड पूर्वेला राहते. वय ८१. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. वडील गेल्यावर ती एकटी. भाऊ न्यू जर्सीत, मी बोरिवलीत. दोन्ही उपनगरेच; पण दादरला उतरायचे, पूल ओलांडायचा आणि मध्य रेल्वेची गाडी पकडायची. दारापासून दारापर्यंत दोन तास सहज जातात. त्यात आईची इमारत पुनर्विकासाला गेली. तीन वर्षे सगळे भाड्याच्या घरांत पांगले, आणि जुन्या बारा बिऱ्हाडांपैकी चारच परत आली. नव्या इमारतीत लिफ्ट आली. पूर्वी जिना चढताना उघड्या दारांतून चार जणी हाक मारत. आता आई थेट सहाव्या मजल्यावर पोचते, वाटेत कोणी भेटत नाही.

तुम्हाला आठवत असेल, २०१७ च्या ऑगस्टमध्ये अंधेरीच्या ओशिवरा भागात, अमेरिकेहून आलेल्या मुलाला बंद घरात आईचा सांगाडा सापडला होता. त्यांचे शेवटचे बोलणे वर्षापूर्वी झाले होते, असे तेव्हा छापून आले. त्या मुलाला नावे ठेवणे सोपे होते. मी मात्र त्या रात्री आईला दोनदा फोन केला. 'एकदा बोललीस ना मघाशी?' ती म्हणाली.

शेवटी मी एका ब्युरोत गेले. तिथला पहिला प्रश्न, 'पेशंट चालता आहे की बेडवर?' मी म्हटले, 'पेशंट नाही, माझी आई आहे.' त्यांच्या फॉर्मवर तसा रकाना नव्हता. आजाऱ्याजवळ बसणारी आया किंवा घरकामाची बाई, एवढेच दोन प्रकार. आईला तर इंजेक्शन द्यायचे नव्हते, कूस बदलायची नव्हती, आणि स्वयंपाक ती स्वतः करत होती. हवे होते ते फक्त घरात दुसरे माणूस.

ब्युरोने पाठवलेली पहिली बाई वेळेवर येई, वेळेवर जाई, आणि मधला सगळा वेळ मोबाइल बघे. तिचीही चूक म्हणवत नाही. काय करायचे ते तिला कोणी सांगितलेच नव्हते. मीही कमी नव्हते. 'रिकामीच बसते ना, मग भांडी घासू दे, भाजी आणू दे,' असा माझा हिशोब. महिन्याभराने आई म्हणाली, 'अगं, ती घरात असते, पण नसते. शिवाय मी आजारी असल्यासारखी चार वेळा कपाळाला हात लावून बघते.' आम्ही ते थांबवले.

दुसऱ्या मावशी ओळखीतून मिळाल्या. दिव्याच्या. सकाळी साडेसहाला घर सोडून आठला मुलुंडला येणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी आईला 'आजी' म्हटले. आई म्हणाली, 'आजी नको. चाळीस वर्षे मला बाई म्हणतात.' तेव्हापासून 'बाई'. त्या एका शब्दाने आईचा ताठा आणि हुरूप दोन्ही परत आले. आता दोघी मिळून भाजी निवडतात, संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यापर्यंत चालत जातात, बँकेत पासबुक भरून आणतात. दुपारी पत्ते. मावशी लबाडी करतात, असे आईचे म्हणणे आहे. वडिलांच्या आजारपणाच्या गोष्टी, ज्या मी 'किती वेळा तेच!' म्हणून तोडायचे, त्या मावशी पुन्हा ऐकतात.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी गाड्या बंद पडल्या आणि मावशींना मुलुंडलाच राहावे लागले. मला फोनवर आईचा उत्साह कळत होता. तिने पिठले टाकले होते. मावशींचा आवाज मात्र पडलेला. त्यांच्या घरी सासूबाई एकट्या. वय आईएवढेच. मुलगा रात्रपाळीला. दोन वर्षे मी मावशींना ओळखत होते, आणि त्या आईजवळ बसलेल्या असताना त्यांच्या सासूजवळ कोण बसते, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मग त्यांनी चाळीत शेजारी फोन लावला. पाच मिनिटांत निरोप आला: शेजारची पोरगी उशी घेऊन आजीकडे झोपायला गेली.

श्रोतेहो, मी फोन हातात धरून तशीच बसले. आम्ही चाळ सोडताना जी सोबत मागे ठेवून आलो, ती दिव्याला अजून होती. मुलुंडला तिच्यासाठी आम्ही पगार देत होतो. आणि देणारी बाई आपल्या घरची सोबत शेजारणीच्या भरवशावर टाकून येत होती.

हे माझ्या एकटीचे घर नाही. २००१ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे सुमारे ७ कोटी ६६ लाख होती, २०११ मध्ये ती १० कोटी ३८ लाख झाली. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला. त्यात चरितार्थ म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. कायदा बरोबरच आहे. पण शेजारी बसून 'मग पुढे काय झाले?' असे विचारणारे माणूस कोणत्या न्यायाधिकरणाकडे मागायचे? इंग्लंडने २०१८ साली एकटेपणासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ साली. आपल्या मुंबईत २०२२ साली शंतनू नायडू यांनी रतन टाटांच्या पाठबळावर 'गुडफेलोज' सुरू केले, ज्यात तरुण पदवीधर वृद्धांकडे जाऊन गप्पा मारतात, फिरायला नेतात. म्हणजे हे काम आहे, आणि त्याचे दाम द्यावे लागते, हे आता उघडपणे मान्य होत आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

मात्र काम म्हणायचे, तर कामासारखे वागवावे. अनुभवातून चार गोष्टी सांगते.

माणूस ठेवण्याआधी ज्यांच्यासाठी ठेवायचे, त्यांना विचारा. आठ दिवस नुसते येऊ-जाऊ द्या, मग ठरवा. काय करायचे आणि काय नाही, ते कागदावर लिहा. औषधाची आठवण करणे सोबतीचे काम. औषध बदलणे, इंजेक्शन देणे नाही. सोबतीला आलेल्या बाईला मोलकरणीची कामे चिकटवू नका. ओळखपत्र पाहा, पोलीस ठाण्यात माहिती द्या. पैसे, दागिने, एटीएमचा आकडा यांचा व्यवहार घरच्यांनीच सांभाळा. त्यात तिचेही रक्षण आहे.

आणि तिची आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, जेवणाची वेळ ठरवा. घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे. नोंदणीसाठी तिला मदत करा. कुणी अगदीच एकटे असेल, तर केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी आहे. हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा.

आता आमच्याकडे रविवारी मावशींना सुट्टी असते. त्या दिवशी दादरचा पूल ओलांडून मी जाते. पहिले काही रविवार मी जाताच फ्रिज आवरायला घेई, बिले भरत बसे. आई एकदा म्हणाली, 'तू नेहमी कामालाच येतेस. मावशी बसतात.' तेव्हापासून मीही बसते. वडिलांच्या आजारपणाची गोष्ट परवा पुन्हा ऐकली. त्यात एक गोष्ट मला माहीतच नव्हती. इतकी वर्षे मी ती गोष्ट मध्येच तोडत होते ना!



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)