नुसतं खेळवतात!

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही मागावरची माणसं. शाळा सातवीला सुटली. पुढचं काय ते रातपाळी संपवून वाचनालयात शिकलो. बोलण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्या.

आपल्या विहारात सकाळी बालवाडी भरते. परवा एक ताई म्हणाल्या, "दादा, तिथं नुसतं खेळवतात. पोराला एबीसीडी येईना. काढून घेते नाव." त्यांचा राग खोटा नाही. आपल्या बापजाद्यांना पाटी मिळाली नाही, म्हणून ती लेकराच्या हातात लवकर यावी असं वाटतं. आम्हीही तेच केलं. थोरलीला तिसऱ्या वर्षी गिरवायला बसवलं, चापट्याही मारल्या. पुढं दोन वर्षं पाटी दिसली की पोर रडायची. आणि तिला शंभरपर्यंत मोजता आलं कशानं? कारखान्यातून आणलेल्या रिकाम्या कांड्यांनी! रंगावारी निवडायची, दहा-दहाच्या राशी लावायची. आम्ही ओरडायचो, पसारा आवर म्हणून.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात. २०१४ पासून पालघरात. गरिबाची पोरं बालवाडीत येईनात, तर बाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९५७ ला कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेल्या. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. महागडी साधनं परवडणार कुठून? शिंपले, खडे, बिया, पानं घेतली. माँटेसरी म्हटलं की आपल्याला बंगलेवाल्यांची शाळा वाटते. पण त्या बाईंचं पहिलं बालगृह १९०७ साली रोममध्ये निघालं ते गरीब वस्तीत, आईबाप कामाला गेलेल्या पोरांसाठीच.

चिंचोके वेचणारी बोटंच उद्या पेन्सिल धरतात. मागावर नव्या पोराला आपण पहिल्या दिवशी धोटा देतो का? आधी तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला शिकवतो.

तेव्हा त्या ताईंना विनंती, नाव काढण्याआधी एक सकाळ हॉलमध्ये येऊन बसा. आणि मागवाल्यांनो, मालकाला विचारून टाकाऊ कांड्या आणा. तेल पुसून, चिरलेल्या बाजूला काढून. बारीक मणी, बटणं मात्र नकोत, पोरं तोंडात घालतात.